आजोबांच्या नावाचं वीजबिल

पहाटे ५.४५

मे महिन्याचा पहिला आठवडा. पावसाला महिना उरला आहे आणि हातातली सगळी कामं त्याआधी उरकायची आहेत. एकदा मृग लागला की ओल्या पत्र्यावर माणूस चढवायचा नाही, हा मी धंद्यात घालून घेतलेला नियम आहे. राजापूर आणि आसपासच्या गावांत घरांच्या छपरांवर सोलर बसवायचं माझं काम. हाताखाली दोन पोरं. एकाने वायरमनचा आयटीआय केलाय, दुसरा वेल्डिंगमध्ये तरबेज आहे. आम्हाला सगळे ‘सोलरवाले’ म्हणतात. वयस्क माणसं मला मेस्त्री म्हणतात, ते मला जास्त आवडतं.

पोरं टेम्पो भरतायत. पॅनेल आडवी टाकायची नाहीत, उभीच बांधायची. खाली गोणपाट, मध्ये पुठ्ठा. गॅल्व्हनाइज्ड पाइप, अ‍ॅल्युमिनियमची रेल, क्लॅम्प, लाल-काळी डीसी केबल, अर्थिंगचे रॉड. नटबोल्टची पिशवी मी स्वतः मोजतो, कारण खाऱ्या हवेत साधा लोखंडी बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून बसतो. तिथे स्टेनलेस स्टीलच लागतं, आणि ते वाडीतल्या दुकानात मिळत नाही.

एवढ्यात नळाला पाणी येतं. कोदवली नदीवर ब्रिटिशांच्या काळातलं एक धरण आहे, ‘सायबाचं धरण’ म्हणतात त्याला. तिथून शहराला पाणी नुसत्या उताराने येतं, पंप लागत नाही. उन्हाळ्यात तिथलं पाणी आटलं की शीळच्या जॅकवेलवरून पंपाने उचलावं लागतं आणि नगर परिषदेचं बिल चढतं. स्वच्छ ऊर्जेचं नाव कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा या गावाने डोंगराचा उतार कामाला लावला होता. छपरावरच्या उन्हाचंही तसंच. ते असतंच, कामाला लावायचं एवढंच बाकी असतं.

सकाळी ६.३०

जवाहर चौकाजवळच्या एका दुकानाच्या स्लॅबवर धुलाई. पॅनेल धुवायची ती ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. या दिवसांत काचेवर जांभ्याची तांबडी धूळ बसते. पावसाळ्यानंतर खालच्या कडेला शेवाळ धरतं, आणि ती बोटभर हिरवी पट्टी सगळ्या ओळीची वीज खाते. साबण नको, खरखरीत काथ्या नको. पाणी आणि मऊ फडकं पुरे.

या चौकात काम करताना मी पॅनेलआधी भिंत बघतो. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथेच बाजारपेठेला भेटतात आणि दर पावसाळ्यात चौकात पाणी भरतं. व्यापाऱ्यांना पुराची रेघ पाठ असते. जुनी माणसं भिंतीवर बोट ठेवून सांगतात, त्या साली इथपर्यंत, या साली तिथपर्यंत. इन्व्हर्टर, एसीची वितरण पेटी, मीटरची पेटी, सगळं मी त्यांनी दाखवलेल्या सर्वांत वरच्या रेघेच्याही हातभर वर बसवतो. त्यासाठी केबल जास्त लागते. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण मी ऐकत नाही.

सकाळी ८.००

पोरं टेम्पो घेऊन हातिवल्याकडे गेली. मी दुचाकीवरून नाट्याच्या दिशेने निघालो. रानतळ्याचा चढ चढून सड्यावर आलं की दोन्ही बाजूंना काळपट कातळ पसरलेला दिसतो. पावसाळा सोडला तर इथे गवताचं पातं नसतं. बाहेरून येणाऱ्याला हे ओसाड वाटतं, आणि आमच्या तालुक्याचं बरंच दुःख या ‘ओसाड’पणातून आलंय. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, रुंढे तळी ही नावं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पाऊस पडला की याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं, फुलं येतात, गुरं चरतात, आणि मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं.

मोठ्या प्रकल्पांना मात्र हा कातळ मोकळी जागा वाटत आला. माडबनला अणुऊर्जा प्रकल्प ठरला. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, आणि त्यासाठी माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरलीवाडा इथली मिळून ९३८ हेक्टर जमीन. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या कंपनीशी करार झाला. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला, आणि १८ एप्रिल २०११ ला नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. पुढे नाणारची रिफायनरी आली. ती २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूचं नाव पुढे आलं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर बायका-माणसं भर उन्हात आडवी झोपली. अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही, रिफायनरीही नाही. पण ‘प्रकल्प’ म्हटलं की इथल्या माणसाच्या कपाळावर आठी येते. ती मी रोज बघतो, कारण माझ्या हातातही एका सरकारी योजनेचं पत्रक असतं.

सकाळी ९.००

नाट्याच्या अलीकडची एक वाडी. मंगलोरी कौलांचं चौपाखी घर, पुढे सारवलेलं खळं. पडवीत आंब्याच्या पेट्या रचून ठेवलेल्या आणि त्यांच्यावर मुंबईहून आलेली मुलं बसलेली. बोलावणं धाकट्या मुलाचं होतं, पण पहिला प्रश्न त्याच्या चुलत्यांनी विचारला.

“मेस्त्री, हा पण प्रकल्पच ना रे?”

काका अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात होते. मी खाली बसलो. म्हटलं, “काका, यात जमीन जात नाही. छप्पर तुमचं, त्यावरची पॅनेल तुमची, होणारी वीज आधी तुमच्या घरात. उरलेली तारेत जाते आणि तिचे युनिट तुमच्या बिलातून वजा होतात.”

“आणि उद्या नको वाटलं तर?”

“चार बोल्ट सोडायचे.”

ते गप्प राहिले. मग म्हणाले, “एवढंच तेव्हा कोणी आमच्यासमोर बसून सांगितलं असतं.”

मला या ठिकाणी खोटं बोलवत नाही. कार्बनचा हिशोब मांडला तर अणुवीज कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. आणि तीन किलोवॉटची छपरं जोडून माडबनच्या एका अणुभट्टीइतकी नुसती क्षमता उभी करायची तर साडेपाच लाख घरं लागतील. शिवाय अणुभट्टी रात्रीही चालते, छप्पर चालत नाही. काकांना हे मी सांगितलं. छपरावरची वीज त्या प्रकल्पाला पर्याय आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या डोक्यावर ती बसणार आहे त्याला आधी विचारून ती बसते. या तालुक्यात हे लहानसहान नाही. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये जाहीर केलं. ते गाठायचं तर माणसं सोबत लागतील, आणि माणसांना विचारायची सवय अशा लहान कामांतूनच लागेल.

मग छप्पर बघितलं. मंगलोरी कौलांवर रेल बसवता येते, पण कौलाखालच्या वाशाला हुक पकडावा लागतो, आणि या घराचे वासे जुने झालेत. शिवाय दक्षिणेला हापूसचं एक थोरलं कलम आहे, आजोबांनी लावलेलं. मुलगा म्हणाला, “सावली कुठे पडतेय? बघा ना, लख्ख ऊन आहे.” मेमध्ये नाहीच पडणार. या दिवसांत सूर्य डोक्यावरून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो, भर दुपारीही जेमतेम पन्नास अंशांवर असतो, आणि तेव्हा हे कलम निम्म्या छपरावर सावली टाकेल. एकाच ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी ओळीचं उत्पादन पडतं.

“मग एखादी फांदी उतरवू,” मोठा मुलगा म्हणाला.

मी नको म्हटलं. सोलरसाठी धरतं कलम तोडायचा सल्ला मी आजवर दिलेला नाही, देणारही नाही. मागच्या बाजूला गोठा आहे. गुरं कधीच गेली, पण पत्रा नवा आणि मोकळा. तोंड दक्षिणेला, उतारही साधारण हवा तेवढा. राजापूरचा अक्षांश साडेसोळाच्या थोडा पुढे, म्हणजे पंधरा-सोळा अंशांचा उतार चांगला. सहा पॅनेल तिथे बसतात. प्रश्न सुटला असं मला वाटलं, आणि मी नेहमीप्रमाणे वीजबिल मागितलं.

बिल आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झालेली.

कोकणात स्वच्छ विजेची वाट अडते ती या जागी. ऊन कमी नाही, पैशांचीही सोय होते. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. देशभरात एक कोटी घरांचं लक्ष्य. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान, थेट बँक खात्यात. उरलेल्या रकमेला कमी व्याजाचं कर्ज मिळतं. पण अर्ज होतो तो बिलावरच्या ग्राहक क्रमांकावर, आणि अनुदान जातं बिलावर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात. आमच्याकडे निम्म्या घरांची बिलं गेलेल्या माणसांच्या नावावर चालू आहेत. घर सामाईक, एक भाऊ डोंबिवलीला, एक विरारला, बहीण लांज्याला दिलेली, आणि घरात राहते एकटी म्हातारी. बिल कोणी बदलत नाही, कारण बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: कोणाच्या नावावर?

इथेही तोच आला. धाकटा म्हणाला माझ्या नावावर करू, अर्ज मी केलाय. मोठा काही बोलला नाही, पण वहिनी आतून म्हणाल्या, “आज बिल, उद्या घर.” खळ्यात एकदम शांतता झाली. काका जांभ्याच्या चिऱ्यावर बसून दूर बघत राहिले.

मी अशा वेळी दोनच गोष्टी सांगतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो. पहिली, वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही. घरपट्टीच्या उताऱ्यावर जी नावं आहेत ती तशीच राहतात. दुसरी, संमतीपत्रात ते वाक्य शब्दशः लिहून घ्या: नावबदल फक्त वीजजोडणीपुरता आहे, त्याने घराच्या किंवा जमिनीच्या हक्कात फरक पडत नाही. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, वारसांच्या सह्या. कागद एवढेच लागतात, पण सह्या एका जागी मिळणं कठीण. मे महिन्यात सगळे घरी आहेत, आज नाही झालं तर पुढे गणपतीपर्यंत थांबायचं.

बराच वेळ चर्चा झाली. तिच्यात सोलर कमी आणि जुन्या गोष्टी जास्त होत्या. विहिरीचे पैसे कोणी दिले, आईच्या आजारपणात कोण आलं, कोण नाही. मी उठून गोठ्याची मापं पुन्हा घेतली. परत आलो तेव्हा आजी दारात उभ्या होत्या.

“बिल भरते कोण? मी भरते. मग माझ्या नावावर करा. मी मेल्यावर काय ते बघा.”

कोणाला पुढे बोलायला जागाच उरली नाही. आजींचं बँकेत खातं आहे, आधार जोडलेलं आहे. दोन्ही मुलांनी आणि काकांनी सह्या केल्या. लांज्याला दिलेल्या आत्याची सही धाकटा उद्या जाऊन आणणार आहे. निघताना वहिनींनी पन्हं दिलं आणि हळूच विचारलं, “मिक्सर, फ्रीज सगळं चालेल ना त्याच्यावर?” सगळं चालेल, म्हटलं.

दुपारी १२.३०

हातिवल्याच्या स्लॅबवर पोचलो तेव्हा वेल्डिंगवाला उन्हात उभा राहून स्वतःच्या पायांकडे बघत होता. सावली पायाखाली गेलेली. आमच्या अक्षांशावर मेच्या सहा-सात तारखेला, साडेबाराच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या पाइपला सावलीच राहत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हा दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. पाइप ओळंब्यात आहे का हे बघायला याहून चांगली वेळ नाही. आम्ही चारही खांब त्यावर तपासले. एक जरासा कलला होता, तो सरळ केला.

घरमालकांना वाटतं, एवढं कडक ऊन म्हणजे सर्वांत जास्त वीज. तसं होत नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला मारक असते. काच साठ अंशांवर गेली की उत्पादन दहा-बारा टक्के घसरतं. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवायची नाहीत, खालून वारा खेळता ठेवायचा. वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट. तीन किलोवॉटला बारा. जुलैत ते निम्म्यावर येतं, झडीच्या दिवसांत त्याहून खाली. हे मी आधीच सांगतो. पावसाळ्यात कमी झालेलं बघून माणूस फसवलं म्हणून ओरडण्यापेक्षा आधी थोडा निराश झालेला बरा. उन्हाळ्यात तारेत गेलेले जादा युनिट खात्यात जमा राहतात आणि पावसाळ्यात उपयोगी पडतात. त्यांचा वर्षाचा हिशोब मार्चअखेर होतो. त्यामुळे मेमध्ये सुरू झालेल्या घराला पावसाळ्याआधी थोडीच शिल्लक मिळते. ऑक्टोबरात सुरू केलं तर पहिलं वर्ष सोपं जातं.

आजचं अवघड काम खाली आहे, अर्थिंगचं. तीन अर्थिंग लागतात: एक डीसीचं, एक एसीचं, एक वीजरोधकाचं. देशावर मऊ काळ्या मातीत रॉड ठोकला की झालं. इथे हातभर मातीखाली जांभा. ब्रेकरने फोडत जावं लागतं. आणि कोरड्या कातळात वीज मुरत नाही. म्हणून न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळची, माडाच्या आळ्याजवळची ओलसर जागा शोधायची, खड्ड्यात कोळसा-मीठ किंवा तयार मसाला भरायचा, मीटरने रोध मोजायचा. पाच ओहमच्या आत आला तरच पुढे. पहिल्या खड्ड्यात अकरा आला. दुसरा खड्डा माडाजवळ घेतला. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात हे ज्याने पाहिलंय तो या कामात घाई करणार नाही.

घरमालकीणबाईंचं माहेर कशेळीचं. तिथे कनकादित्याचं, सूर्याचं देऊळ आहे. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. त्यांनी विचारलं, “रविवारीच सुरू करा, चालेल ना?” मीटर तोवर लागला तर रविवारीच करू, म्हटलं. मलाही ते आवडेल.

दुपारी २.००

कुळथाची पिठी, भात, भाजलेला बांगडा. मग माडाच्या सावलीत अर्धा तास. वायरमन पोराला मागच्या महिन्यात ठाण्याहून नोकरीचा फोन आला होता. तो गेला नाही. पगार तिथे जास्त होता, खोलीचं भाडं वजा केल्यावर नव्हता. आमच्या तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली, कारण इथे काम नव्हतं. हे काम मात्र मुंबईत बसून होत नाही. कोणीतरी इथेच राहून शिडी लावावी लागते, पावसाळ्यानंतर बोल्ट आवळावे लागतात, माकडांनी ओढलेली केबल पुन्हा बांधावी लागते. एका छपराचं आयुष्य पंचवीस वर्षं. तेवढी वर्षं त्याची देखभाल लागणार. हवामानाच्या परिषदांत ‘हरित रोजगार’ म्हणतात तो मला तरी असाच दिसतो.

दुपारी ३.३०

वीज कंपनीच्या कार्यालयात. दोन नेट मीटरचे अर्ज, एका भारवाढीचा. इथे आता बरंचसं काम ऑनलाइन झालंय, तरी एकदा समोर जाऊन बोललं की नकाशातली चूक तिथल्या तिथे सुधारते. साहेबांनी एका अर्जात पॅनेलचा अनुक्रमांक चुकीचा टाकलेला दाखवला. अनुदान हवं तर पॅनेलमधले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, म्हणून हे क्रमांक तपासले जातात. दुरुस्त करून दिला.

संध्याकाळी ५.००

कोंढेतडला, नदीपलीकडे, एक घर आज सुरू करायचं. मीटर लागलाय. सगळे कट्ट्यावर जमलेत. आधी एसीचा एमसीबी, मग डीसीचा. इन्व्हर्टर मिनिटभर तारेतला दाब तपासतो, मग हिरवा दिवा लागतो. घरातल्या शाळकरी मुलीने नव्या मीटरचा पडदा बघितला आणि ओरडली, “आपली वीज बाहेर जातेय!” पाचच्या उतरत्या उन्हात घरात एक पंखा चालू होता, त्यामुळे जवळजवळ सगळीच बाहेर जात होती.

मग तो प्रश्न आला. तो कोकणात प्रत्येक घरी येतो, आणि त्याचं उत्तर ऐकून प्रत्येकाचा चेहरा उतरतो.

“आता लाईट गेली तरी आपल्याकडे राहील ना?”

नाही राहणार. बॅटरी नसलेली, तारेला जोडलेली सोलर यंत्रणा लाईट गेली की सेकंदात स्वतःहून बंद होते, लख्ख ऊन असलं तरीही. तशी ती मुद्दाम बनवलेली असते. कारण मी त्यांना चक्रीवादळाची आठवण करून देत सांगितलं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्यालगतून गेलं. आंबोळगड, मुसाकाजी, साखरीनाटे सगळीकडे झाडं पडली, खांब वाकले, तारा रस्त्यावर आल्या. वायरमन लोक भर पावसात खांबावर चढून काम करत होते. तार बंद आहे या भरवशावर. त्या वेळी वाडीतलं एखादं छप्पर तारेत वीज सोडत राहिलं असतं तर खांबावरच्या माणसाचं काय झालं असतं? म्हणून ते बंद होतं. ज्यांना लाईट गेल्यावरही दिवे हवेत त्यांनी बॅटरीचा, हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो महाग पडतो, आणि बॅटरीला वेगळं अनुदान नाही.

हे ऐकून घरातले आजोबा म्हणाले, “बरोबर आहे. आपला दिवा विझला तर चालेल.” या उत्तराने मला दिवसाचा थकवा जाणवेनासा झाला.

अरबी समुद्र तापतोय आणि त्यात चक्रीवादळं वाढतायत, हे शास्त्रज्ञ सांगतात आणि साखरीनाट्याचे दर्यावर्दीही. २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोलीपर्यंत बागा झोपवून गेलं. पुढच्याच वर्षी तौक्ते. म्हणजे हवामानबदलावर उपाय म्हणून जी पॅनेल मी लावतो, तीही त्याच वादळांत टिकली पाहिजेत. म्हणून माझा पाइप जाड असतो, फाउंडेशनला काँक्रीट जास्त असतं, आणि मी इतरांपेक्षा पाच हजारांनी महाग पडतो. स्वस्तातल्या कामाने उडालेलं एक पॅनेल वाडीतल्या सगळ्यांचा विश्वास उडवतं.

संध्याकाळी ७.००

सूर्य बुडाला. दिवसभराची छपरं शून्यावर आली आणि गावात दिवे लागले. आता येणारी वीज कुठून येते? थोडी पोफळीहून, कोयनेच्या पाण्याची. बरीचशी कोळशाची. आमच्याच जिल्ह्यात जयगडला १,२०० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आहे, अंजनवेलला गॅसवरचा, जो एके काळी एन्रॉन म्हणून गाजला. २०२५ च्या जूनमध्ये देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली. ही मोठी मजल आहे. पण क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निर्मिती निराळी. निर्मितीतला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचा आहे, आणि संध्याकाळी सात ते दहा तो सर्वांत जास्त जाणवतो. बॅटरी स्वस्त होईपर्यंत, पाणी वर चढवून साठवायचे प्रकल्प उभे राहीपर्यंत हे असंच राहील. तोवर मी लोकांना एक साधी गोष्ट सांगतो: पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, गिरण दुपारी चालवा. पूर्वी बिल वाचवायला रात्री काम करा म्हणायचे. सोलर असलेल्या घरात ते उलटं झालंय.

सह्याद्रीच्या पलीकडे पाटण तालुक्यात मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथली सगळी घरं, पथदिवे, शाळा, ग्रामपंचायत उन्हावर चालतात. २०२१ मध्ये राज्यातल्या ४३ शहरांनी शून्य उत्सर्जनाच्या जागतिक मोहिमेत नाव नोंदवलं. राजापूर त्या यादीत बसेल एवढं मोठं नाही. पण शीळचा पंप, नगर परिषदेची इमारत, शाळांची छपरं, बाजारपेठेतल्या स्लॅब एवढं केलं तरी या गावाचा दिवसाचा भार बराचसा उन्हावर येईल. त्यासाठी कुठल्या सड्याला हात लावावा लागणार नाही. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि नगर परिषदेने पहिलं काम पंपाचं घ्यावं.

रात्री ९.१५

हिशोब, उद्याची यादी, मोबाइलवर घरांचे आकडे. एका घराचं उत्पादन दुपारी दोननंतर पडलेलं दिसतंय. बहुधा शेजारच्या माडाची झावळ पडली असावी. सकाळी बघायला हवं. मग नालासोपाऱ्याहून फोन. गावच्या घरावर सोलर बसवायचंय, आईला बिल झेपत नाही. मी विचारलं, “बिल कोणाच्या नावावर आहे?” पलीकडे जरा वेळ गेला. “बाबांच्या. बाबा जाऊन आठ वर्षं झाली.”

भाऊ किती? तीन. गावी कधी जमता? गणपतीला.

म्हणून मुंबई, ठाणे, पालघर, पुणे, जिथे कुठे राजापूरची माणसं हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. सोलर घ्या किंवा घेऊ नका, तो निर्णय नंतरचा. पण या गणपतीत, सगळी भावंडं एका घरात असताना, आरती झाल्यावर अर्धा तास काढा. गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, घराचा उतारा आणि सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र तयार करा, आणि वीजबिल घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर करून घ्या. संमतीपत्रात हक्क अबाधित असल्याचं वाक्य लिहायला विसरू नका.